गिरगावचं शिळं, लालबागचं ताजं

बटाट्याची भाजी आंबायला लागली की तिला लगेच वास येत नाही. आधी ती चकाकते. वरून तेल सुटल्यासारखी दिसते, पण ते तेल नसतं. बोट लावलं की चिकटतं आणि बोट उचललं की कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक तार वर येते. वास त्यानंतर येतो, आणि तोही हिंग-मोहरीच्या आड लपून. हे मला आधी ठाऊक नव्हतं. आमच्या घरी बटाट्याची भाजी आंबेपर्यंत कधी उरलीच नाही. हे मी लालबागच्या हॉटेलात शिकले, पगार घेऊन.

त्याआधी मी डिलाईल रोडच्या चाळीत खानावळ चालवत होते. माझा नवरा गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात होता. छातीत कापूस भरून तो गेला तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते. मूलबाळ नव्हतं. सासू आणि मी. गावी जाऊन काय खाणार, म्हणून आम्ही दोघींनी खोलीतच गडीमाणसांना जेवू घालायला सुरुवात केली. बिऱ्हाड कोकणात ठेवून गिरणीत राबणारे अकरा जण दोन्ही वेळा आमच्याकडे जेवायचे. दिवसपाळीचे उठले की रातपाळीचे बसायचे. पाट्यावर मसाला वाटून वाटून माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा मोठा झाला होता. सासू तांदूळ निवडायची, मासळी साफ करायची आणि जेवणाऱ्यांना दम द्यायची. ताटात कुणी टाकलेलं तिला खपायचं नाही.

माझ्याकडे जेवणारा एक जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, दादरला एका मराठी हॉटेलात चहाला जायचा. त्यानं तिथं माझ्या काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याची तारीफ केली. एका रविवारी दुपारी त्या हॉटेलचे मालक त्याच्याबरोबर जिना चढून आमच्या दारात आले. पांढरंशुभ्र धोतर, वर कोट, गोरेपान, पस्तिशीचे. मी गोंधळले. पण ते खुशाल गड्यांच्या पंगतीत मांडी घालून बसले, सांबारं दोनदा मागून घेतलं आणि हात धुतल्यावर मला म्हणाले, "बाई, गिरगावात आमच्या वडिलांचं हॉटेल आहे. दादरचं मी काढलं. आता लालबागला काढतोय. एका नावाची, एका चवीची तीन हॉटेलं. मुंबई आमची म्हणून नुसतं ओरडून काय होणार? नाक्यानाक्यावर आपली पाटी नको का?"

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. आमच्या चाळीच्या भिंती चुन्यानं लिहिलेल्या घोषणांनी भरल्या होत्या. त्यांचं बोलणं ऐकून माझ्या अंगावर काटा आला. त्यांनी मला लालबागच्या भटारखान्याची मुख्य म्हणून ठेवायचं ठरवलं होतं. बाईमाणसाला असं कुणी विचारत नसे. मी दुसऱ्याच दिवशी होकार कळवला.

सासू चिडली. "ह्या जेवणाऱ्यांका काय सांगतलंय? आज ना उद्या तां हॉटेल बंद पडला तर?"

"तीन-तीन हॉटेलं कशी बंद पडतील?" मी म्हटलं.

आमचे अकरा जण पंधरा दिवसांत दुसऱ्या खानावळींकडे गेले. ते गेले तेव्हा मला वाईट वाटलं नाही. डोक्यावरून ओझं उतरल्यासारखं झालं.

पहिले काही महिने खरोखरच चांगले गेले. संगमरवरी फळीची टेबलं, भिंतीला पांढऱ्या फरश्या, दारावर निळी पाटी आणि तिच्यावर ओळीनं गिरगाव, दादर, लालबाग. मी पहाटे मटकी उपसून ठेवायची. थालीपिठाची भाजणी मी स्वतः भाजायची, नाही तर गडी ती करपवत. दिवसपाळी सुटली की माणसं इतकी यायची की वाढप्यांना चालायला वाट नसे. मिसळ, बटाटावडा, साबुदाण्याची खिचडी, पुरी-भाजी. कुणी ताट पुसून खाल्लं की मी आतल्या दारातून बघायची.

भांड्यांवर वरळीच्या बीडीडी चाळीत राहणारा एक माणूस होता. चाळिशीचा, सडसडीत, मोजकं बोलणारा. कामाला बसण्याआधी मोरीच्या कट्ट्यावर बसून तो वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा. त्याच वर्षी तो नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आला होता. मालकांनी त्याला वाढायला न ठेवता भांड्यांवर ठेवलं होतं. त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. मीही नाही. उलट पहिले काही दिवस त्यानं घासलेलं पातेलं मी गुपचूप पुन्हा विसळून घ्यायची. हे लिहिताना हात अडखळतो, पण मी ते केलं होतं. एकदा त्यानं ते पाहिलं. त्यानंतर तो पातेली माझ्या हातात द्यायच्याऐवजी जमिनीवर ठेवायला लागला.

मग धंदा बसायला लागला. सगळे चळवळीला बोल लावत, आणि त्यात थोडं तथ्यही होतं. आज हरताळ, उद्या मोर्चा, परवा गोळीबार झाला म्हणून सगळीकडे कर्फ्यू. पहाटे केलेली पन्नास माणसांची उसळ दुपारी तशीच. पण हळूहळू मला कळलं की दुखणं त्याहून जुनं होतं. दादरचं हॉटेल पहिल्या दिवसापासून स्वतःच्या पायावर उभं नव्हतंच. गिरगावच्या गल्ल्यातून त्याचं भाडं जात होतं. आणि ते उभं राहायच्या आत लालबागची पागडी भरून मालक मोकळे झाले होते. म्हाताऱ्या बापाच्या एका हॉटेलच्या जिवावर दोन हॉटेलं पोसली जात होती, आणि मालक दुपारी आले की टेबलाशी बसून परळच्या चौथ्या जागेबद्दल बोलत. एकदा मी विचारलं, "मालक, ह्या तिन्हींचंच नीट होऊ दे ना आधी?" तर हसून म्हणाले, "चौथं निघालं की माल एकदम घेता येतो, बाई. मग सगळंच स्वस्त पडतं. धंद्याचं गणित वेगळं असतं."

तिन्ही हॉटेलांची चव एक राहावी म्हणून त्यांनी एक जुनी मोटार घेतली होती. मागच्या सीटा काढून टाकलेली. गिरगावात सगळा मसाला कुटायचा आणि त्या मोटारीतून दादरला, लालबागला पोचवायचा. येताना मसाल्याचे डबे भरलेले, जाताना रिकामे. पुढं पुढं मसाल्याबरोबर पातेलीही यायला लागली.

पहिलं पातेलं आलं तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "दादरहून आलंय. वड्यात घाला म्हणालेत."

मी झाकण काढलं. बटाट्याची भाजी होती. ती गिरगावात आदल्या दिवशी सकाळी पुरीबरोबर वाढायला केलेली, तिथं उरली म्हणून दुपारी दादरला गेलेली, तिथंही उरली म्हणून आज माझ्याकडे आलेली. ती चकाकत होती. मी बोट लावलं.

मालक आल्यावर मी म्हटलं, "ही भाजी उतरलीय."

त्यांनी पातेल्यात नुसतं वाकून पाहिलं. "लसूण जास्त घाला. मिरची घाला. एकदा तळलं की काही राहत नाही."

"लोकांना बाधेल."

"बाई, गिरणीतल्या माणसाला काय बाधतं? तिकडे गिरगावात असलं वाढलं तर लोक ताट फेकून देतील. इथं चालतं. थोडे दिवस सोसा. चळवळ आहे."

हे वाक्य ते मला म्हणाले. मला, जिचा नवरा गिरणीत मेला. आणि मी काय केलं? मी लसूण सोलायला बसले.

पुढचं सगळं त्याच पायरीवरून खाली गेलं. मटकीला तार सुटली की सोडा घालून गरम पाण्यातून काढायची. ती हातात धरली की बुळबुळीत लागायची, नाकातल्या शेंबडासारखी, आणि दोन-तीनदा धुतली की पुन्हा शहाण्यासारखी मोकळी दिसायची. तळणीचं तेल काळं पडलं तरी बदलायचं नाही, वरून पावशेर नवं ओतायचं. त्याचा फेस कढईच्या काठापर्यंत यायचा आणि तो धूर माझ्या केसांत, लुगड्यात, उशीत बसायचा. आजचे उरलेले वडे उद्या कुस्करून रस्सा दाट करायला. लालबागच्या पुढं पाठवायला कुठलं हॉटेल नव्हतं. शिळं तिथं येऊन थांबायचं, म्हणजे माझ्या हातात. आणि मी ते तिखट लाल तर्रीखाली लपवून ताजं म्हणून बाहेर पाठवायची. त्यात मी तरबेज झाले. वाढपी म्हणायचे, "बाईंच्या हाताला काय चव आहे!" मला त्याचा अभिमानही वाटायचा, आणि ह्या गोष्टीची मला आज सगळ्यात जास्त किळस येते.

घरी मी हे सांगितलं नाही. खानावळ मोडली होती, जेवणारे गेले होते, आणि सासूचं "बंद पडला तर" मला ऐकायचं नव्हतं.

एका दुपारी गर्दी ओसरल्यावर मालक थेट मोरीपाशी गेले. भांडीवाल्याला म्हणाले, "हे बघ, ताटात चटणी उरते ती फेकायची नाही. कांदासुद्धा. ज्याला हात लागलेला दिसत नाही ते ह्या डब्यात काढून ठेवायचं. संध्याकाळी बाई त्याला फोडणी देतील."

तो कट्ट्यावरून उठला. राखेचे हात आधी नीट धुतले. मग म्हणाला, "हे माझ्याच्यानं होणार नाही."

"तुला खायला सांगतोय का मी?"

"नाही. दुसऱ्याला खायला घालायला सांगताय." त्याचा आवाज चढला नव्हता. "मालक, माझी आजी गावात दारोदार उष्टं मागून आणायची. ते खाऊन माझा बाप वाढला. आम्ही ते सोडलं. सोडताना मार खाल्ला. आता मी मुंबईत बसून लोकांना उष्टं खाऊ घालू?"

"इथं भाषण नको."

"भाषण नाही. जातो मी."

त्यानं खुंटीवरची पिशवी घेतली. भटारखान्यातून बाहेर पडताना तो माझ्यापाशी थांबला. "तुम्हीही चला, बाई. हे काम नाही."

मी म्हटलं, "भाऊ, मला सासू आहे घरी."

"मला चार पोरं आहेत," तो म्हणाला आणि गेला.

मी तिथंच उभी राहिले. दुसरा माणूस मिळेपर्यंत भांडी दोन वाढप्यांनी आलटून पालटून घासली, आणि तो डबा कुणी भरला? मी भरला. पहिलं ताट उचललं, त्याच्या कडेला हिरव्या चटणीचा गोळा होता. त्यात कुणाचा तरी खिचडीतला साबुदाणा चिकटला होता. मी तो नखानं काढला आणि चटणी डब्यात पाडली. त्या संध्याकाळी घरी जेवायला बसले तर घास तोंडापर्यंत आला आणि माझ्याच बोटांकडे बघून मी तो परत ताटात ठेवला. मी चमच्यानं जेवायला लागले. सासू म्हणाली, "मडमीण झालंय काय गो?"

मग बायकांचा तो मोर्चा आला. परळ, लालबाग, करी रोड, सगळ्या चाळींतल्या बायका निघणार होत्या. आमच्या चाळीतून वीस-पंचवीस जणी. सासू साठी ओलांडलेली, गुडघे धरलेले, तरी हट्टानं निघाली. विधवेच्या कपाळाला कुंकू नसलं तरी डोक्यावरून घट्ट पदर घेऊन सगळ्यांच्या पुढं.

मालकांच्या डोक्यात एक कल्पना आली. मोर्चातल्या बायकांना लालबागच्या हॉटेलात पुरी-भाजी फुकट द्यायची. दारावर कापडी फलक लावला. पुढाऱ्यांना बोलावलं. वर्तमानपत्रवाल्यांना निरोप गेला. मला म्हणाले, "आज नाव होऊ दे, बाई. एकदा नाव झालं की धंदा आपोआप उठतो."

"एवढ्या माणसांचे बटाटे कुठं आहेत?" मी विचारलं.

"येतायत."

बटाटे आले नाहीत. मोटार आली. गिरगावहून दोन पातेली, दादरहून तीन. त्यात आधीचे दोन दिवस हरताळ झालेला. मी पाचही झाकणं उघडली. एका पातेल्यात भाजीच्या वर पांढरी बुरशी धरली होती, वाळलेल्या फेसासारखी. मी ती पळीनं काढून टाकली. खालची भाजी उपसून घेतली. कढईत भरपूर तेल, लसूण, लाल तिखट, वर लिंबू, वर कोथिंबीर. मी चव घेऊन पाहिली नाही. थुंकायला लागलं असतं.

दुपारी बायका आल्या. उन्हानं लाल झालेल्या, घसे बसलेल्या, हसणाऱ्या. मालक स्वतः हातात पातेलं घेऊन वाढत होते. कुणी तरी फोटो काढला. पुढारी दोन शब्द बोलले. आणि त्या गर्दीत माझी सासू एका संगमरवरी टेबलाशी बसलेली मला आतल्या दारातून दिसली. ती ह्या हॉटेलात पहिल्यांदाच आली होती. शेजारणीला सांगत होती, "ह्या सगळा माझ्या सुनेन केलेला."

मला बाहेर जाता आलं असतं. तिच्या पुढचं ताट उचलता आलं असतं. काही तरी कारण सांगता आलं असतं, की तुला पुरी पचत नाही, की घरी चल. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. पुढारी बाजूला होते, मालक बघत होते. ती खात होती.

दिवे लागायच्या आत तिला उलट्या सुरू झाल्या. चाळीतल्या आणखी सहा-सात जणींनाही. आमच्या मजल्यावरच्या संडासाशी रांग लागली आणि रांगेतल्या बायका तिथंच बसकण मारायला लागल्या. मी पोतेरं घेऊन खोलीची जमीन पुसत होते. त्या ओकारीत लाल तेल होतं, कोथिंबिरीची न चावलेली पानं होती, आणि तो वास. तो वास मी पातेल्याशी ओळखला होता आणि लसणाखाली गाडला होता. तो आता माझ्या घरात, माझ्या सासूच्या तोंडातून बाहेर येत होता.

डॉक्टर आले. मीठ-साखरेचं पाणी पाजायला सांगून गेले. दोन दिवस ती मरते की जगते असं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती उशाला टेकून बसली. मी पेजेची वाटी तिच्यापुढं धरली. तिनं ती घेतली नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"गो, तुका म्हायत होतां?"

मी खोटं बोलू शकले असते. पण इतके महिने मी दिवसभर तेच करत होते आणि मला आता त्याचा उबग आला होता. "हो," मी म्हटलं.

ती भिंतीला धरून उठली, थरथरत चुलीपाशी गेली, मूठभर तांदूळ घेतले. मी पुढं झाले तर म्हणाली, "माझी पेज मीच करतंय. तुझ्या हाताक वास येता."

त्यानंतर किती तरी दिवस ती माझ्या हातचं खात नव्हती. एकाच खोलीत दोन चुली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नव्हती. तिला माझी शिसारी आली होती.

तिनं स्वतःची पेज केली त्याच दिवशी मी लालबागला गेले. मोटार दारात उभी होती आणि गडी पातेली उतरवत होते. मी पहिलं पातेलं एका गड्याच्या हातातून घेतलं, फुटपाथच्या कडेला गेले आणि गटारात उपडं केलं. मग दुसरं. आत नाश्त्याला बसलेली माणसं उठून दाराशी आली. तिसरं पातेलं मला उचलवेना, म्हणून मी ते ढकलून पाडलं. मटकी रस्त्यावर पसरली. एक कुत्रं धावत आलं, हुंगलं आणि बाजूला झालं. ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मालक गल्ल्यावरून धावत आले. "बाई! काय हे? वेड लागलं?"

"ह्यातलंच खाऊन माझी सासू मरायला टेकली होती. चाळीतल्या बायका आडव्या पडल्यात."

"ऊन लागलं असेल. इतकं चालल्या त्या."

"ऊन नाही. मी केलंय ते. मला ठाऊक आहे त्यात काय होतं."

ते माझ्या जवळ आले, आवाज खाली आणला. "ह्या दिवसांत तुम्ही मराठी माणसाचं हॉटेल बुडवणार? लोक काय म्हणतील? बापाचं घर गहाण आहे हो माझ्या. बायकोच्या बांगड्या गेल्या. मी कुणाचं काही खाल्लं का?"

"खाल्लं नाही. खाऊ घातलंत."

ते एकदम आत गेले, परातीतून आदल्या दिवशीचा एक वडा उचलला आणि बाहेर येऊन सगळ्यांसमोर तोंडात घातला. "बघा. बघा, मी खातो. वाईट असतं तर मी खाल्लं असतं?" ते चावत होते. डोळ्यांत पाणी आलं होतं. घास खाली उतरत नव्हता, गळ्याशी अडकला होता, आणि ते मान पुढं काढून तो रेटत होते. कोटावर तुकडे पडले. शेवटी गिळला त्यांनी. "खाल्ला," म्हणाले आणि माझ्याकडे शाबासकी मागितल्यासारखं बघितलं.

मला तेव्हा त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. हात पुसायला कमरेला खोचलेलं फडकं काढून मी तिथंच टाकलं आणि डिलाईल रोडच्या दिशेनं चालायला लागले.

चाळीत आल्यावर मी आजारी पडलेल्या प्रत्येकीच्या खोलीत जाऊन सांगितलं. काही जणींनी ऐकून घेतलं. एकीनं मला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. एकजण म्हणाली, "चळवळीला बदनाम करायला कुणाकडून पैसे घेतलेस?" तिच्या नवऱ्यानं दुसऱ्या दिवशी जिन्यात माझ्यासमोर खाकरून थुंकलं. पण गिरणीतून बातमी खात्याखात्यांत पोचली आणि लालबागच्या टेबलांवर कुणी बसेना. दगड कुणी मारला नाही, काच फुटली नाही. महिन्याभरात त्या दाराला कुलूप लागलं. थोड्या दिवसांनी दादरलाही. गिरगावचं म्हाताऱ्याचं मूळ हॉटेल, जे एकटं सुखानं चाललं असतं, तेही त्या दोन्हींच्या देण्यात गेलं. म्हातारा त्यानंतर फार जगला नाही, असं मी ऐकलं.

एका रविवारी मी वरळीला बीडीडी चाळीत त्या भांडीवाल्या माणसाचं घर शोधत गेले. तो आता गोदीत कामाला लागला होता. मी दाराशी उभी राहून म्हटलं, "भाऊ, तुम्ही गेलात तेव्हा तुमच्याबरोबर यायला हवं होतं मी." तो दारातून बाजूला झाला आणि म्हणाला, "आत या." त्याच्या बायकोनं भाकरी टाकली, ताट माझ्या हातात दिलं. मी जेवले. त्यानं मला माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मीही ते विचारलं नाही.

खानावळ पुन्हा सुरू करायला मला दीड वर्ष लागलं. पहिले तीन जेवणारे आले ते परगावचे, ज्यांना काही ठाऊक नव्हतं. मीच त्यांना सांगितलं. त्यातला एक उठून गेला, दोघं राहिले. सासू हळूहळू माझ्या हातचं खायला लागली, पण पहिला घास घेण्याआधी ताट नाकाशी नेऊन वास घ्यायची, आणि ती सवय तिनं शेवटपर्यंत सोडली नाही. मी कधी तिला बोलले नाही.

महाराष्ट्र झाला त्या दिवसांत सगळीकडे रोषणाई होती. दादरला भाजी घ्यायला गेले असताना मालक भेटले. कोट तोच, कोपरावर विरलेला. मला ओळखून स्वतःहून पुढं आले, जणू आमच्यात काही घडलंच नव्हतं.

"बाई, बरं झालं भेटलात. आता आपलं राज्य आलं. ठाण्याला एक जागा बघितलीय, स्टेशनाजवळ. ती चालली की कल्याण. मग डोंबिवली. भांडवल घालणारा एकजण तयार आहे. तुमच्यासारखी बाई भटारखान्यात असली ना..."

त्यांचे डोळे अगदी पहिल्या दिवशीसारखे चमकत होते. तीन गावांची नावं त्यांनी बोटांवर मोजून दाखवली. त्या लांब गोऱ्या बोटांकडे बघताना माझ्या तोंडात आंबट पाणी आलं.

"मालक," मी म्हटलं, "त्या बायकांपैकी एकीचं तरी नाव माहीत आहे का तुम्हाला?"

"कुठल्या बायका?" ते म्हणाले. खरंच त्यांना आठवत नव्हतं.

मी पिशवी उचलली आणि गर्दीतून बाहेर पडले. घरी जाऊन अकरा माणसांची मासळी साफ करायची होती.